शस्त्रप्रदर्शने भरवणाऱ्यांनो, नव्या तलवारीला नवी म्हणा

शिवजयंती, गणेशोत्सव आणि दसऱ्याच्या निमित्ताने शस्त्रप्रदर्शन भरवणारी मंडळे, दुर्गसंवर्धन संस्था आणि शाळा यांच्या कार्यकर्त्यांना,

सस्नेह नमस्कार.

जुन्या शस्त्रांच्या नोंदी करणे हे माझे काम. वाड्याच्या माळ्यावर, देवघरात, लहानमोठ्या संग्रहांत पडून असलेल्या तलवारी, कट्यारी, पट्टे मोजायचे, त्यांचे फोटो काढायचे, काय आहे नि काय नाही ते लिहून ठेवायचे. त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या प्रदर्शनांना मी येत असते. वर्गणी गोळा करून, रात्री जागून, शस्त्रांवर पहारा ठेवून तुम्ही हे सगळे उभे करता ते मी जवळून पाहिले आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलाला जुनी तलवार हातभर अंतरावरून पाहायला मिळते ती बहुतेकदा तुमच्याच मांडवात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

‘शिवकालीन’ अशी चिठ्ठी लावलेल्या तलवारींत हल्लीच बनवलेल्या आणि ॲसिड मारून जुन्या केलेल्या तलवारी मला सर्रास दिसू लागल्या आहेत. तुम्ही हे जाणूनबुजून करता असे मी म्हणत नाही. पुष्कळदा फसवणूक तुमचीच झालेली असते. कुणीतरी भरपूर पैसे घेऊन, एक चटकदार कहाणी जोडून तो नग तुमच्या गळ्यात मारलेला असतो. पण चिठ्ठीवर नाव तुमच्या मंडळाचे असते, आणि समोर उभे असलेले पोर तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. नवी तलवार बनवणे यात काहीही गैर नाही. मर्दानी खेळाच्या आखाड्यांना नवीच हत्यारे हवीत, खरे जुने पाते खेळात वापरणे हा तर गुन्हाच म्हटला पाहिजे. उदयपूरला आजही लोखंडावर सोन्याचांदीची तार बसवणारे कोफ्तगिरीचे कसबी कारागीर आहेत. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तेव्हापासून पट्ट्याच्या नव्या प्रतिकृतींनाही मागणी आहे, आणि ते चांगलेच आहे. माझी तक्रार आहे ती नव्याला जुने म्हणून मांडण्याबद्दल.

एका गावच्या प्रदर्शनात पाहिलेला नग सांगते. गावाचे आणि मंडळाचे नाव लिहीत नाही, कारण असे नग अनेक ठिकाणी आहेत. लाल मखमलीवर सरळ पात्याची तलवार, चिठ्ठीवर ‘धोप, १७ वे शतक’. पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे. पात्यावर मधोमध पन्हळ, तिच्या दोन्ही कडा एकमेकींना तंतोतंत समांतर आणि तळाशी आडवे बारीक ओरखडे. ते ग्राइंडरच्या चाकाचे. गंज सगळीकडे सारखा, केशरी, बोट फिरवले की बोटाला लागणारा. मुठीवरच्या वेलबुट्टीच्या कडा बोथट, फुलांच्या पाकळ्यांमध्ये टाचणीच्या डोक्याएवढी भोके, आणि बाजूने वरपासून खालपर्यंत एक पुसट उभी रेघ. म्हणजे मूठ साच्यात ओतलेली. भोके हवेच्या बुडबुड्यांची, रेघ साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. मुठीच्या वरच्या टोकाला असते त्या चपट्या वाटीवरचा घुमट किंचित फिरवला तर फिरला, आणि त्याच्याखाली आटे पाडलेला रॉड आणि नट. पात्यावर देवीचे नाव, अक्षरे संगणकाच्या फॉन्टमधली, प्रत्येक रेघेची खोली सारखी.

हा नग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. एक टॉर्च, एक भिंग आणि पंधरा मिनिटे लागतात. म्हणून कुठे काय पाहायचे ते जरा सविस्तर लिहिते.

आधी गंज, कारण खोटेपणा सगळ्यात जास्त तिथेच केला जातो. लोखंड ॲसिडने किंवा फेरिक क्लोराइडने खाऊ द्यायचे, मिठाच्या पाण्यात भिजवायचे, काही महिने ओल्या मातीत पुरायचे, असे उद्योग चालतात. त्यातून येणारा गंज ताजा असतो. केशरी-तांबडा, भुसभुशीत, खालच्या लोखंडाला घट्ट न धरलेला. ॲसिडने पडलेले खड्डे एकाच मापाचे, कोऱ्या कडांचे आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतात. घरात राहिलेल्या जुन्या तलवारीचा गंज गडद तपकिरी, पुष्कळ ठिकाणी काळाच असतो. तो कडक असतो, नखाने निघत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याला कारण असते. जिथे म्यानात ओल धरली तिथे गंजाचा पट्टा, जिथे मूठ आणि पाते भेटतात तिथे जास्त, जिथे पिढ्यानपिढ्या हात फिरला आणि तेल लागले तिथे जवळजवळ नाही. मुठीच्या आतल्या बाजूला, बोटे टेकतात तिथे, नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते. बनावट मालात झीज दर्शनी भागावर असते, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल तिथे, आणि बोटांच्या जागी नक्षी कोरी करकरीत.

‘शेतात नांगरताना सापडली’, ‘विहिरीच्या गाळात मिळाली’ ही कहाणी तर प्रत्येक दुसऱ्या नगाबरोबर ऐकू येते. आपल्या मातीत तीनशे वर्षे पुरलेले लोखंड कसे होते ते ज्यांनी उत्खननातले पाहिले आहे ते जाणतात. त्यावर जाड खपली येते, फोड येतात, पापुद्रे सुटतात, धार खाल्ली जाऊन कडा दातेरी होते. पातळ केशरी गंज आणि खाली सगळी नक्षी शाबूत, असे पुरलेल्या तलवारीचे होत नाही. शिवाय १८७८ च्या निखातनिधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे ही कहाणी सांगणारा विक्रेता एकतर खोटे बोलत असतो, नाहीतर कायदा मोडल्याची कबुली देत असतो. दोन्ही वेळी त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरी पाहायची जागा म्हणजे मूठ आणि पाते जिथे जोडले आहेत ती. आपल्याकडच्या वाटीच्या मुठीच्या तलवारीत पात्याची शेपटी आखूड असते. ती पोकळ मुठीत घालून लाखेच्या गरम मिश्रणाने पक्की करत. वरून नट नाही, आरपार गेलेला रॉड नाही. काळाने लाख तडकते, म्हणून पुष्कळ खऱ्या तलवारींचे पाते मुठीत किंचित हलते. फटीत टॉर्च मारला तर काळपट-तांबूस लाख दिसते. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च मिळतो ना, त्याखाली लाख पुष्कळदा नारिंगी चमकते आणि हल्लीचे इपॉक्सी निळसर पांढरे. सरळ पात्याच्या धोप, फिरंगी आणि खांड्यांत मुठीपासून निघालेल्या लोखंडी पट्ट्या पाते दोन्ही बाजूंनी धरतात आणि रिव्हेटने ठोकलेल्या असतात. त्या पट्ट्यांच्या कडेखाली भिंग लावून बघा. तिथे शेकडो वर्षांची धूळ, तेल आणि काळा गंज मिळून दगडासारखा थर झालेला असेल, की फक्त वेल्डिंगचा मणी?

आता सगळ्यात भरवशाची खूण, आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी पाहिली जाणारी. जुने लोखंड भट्टीत पूर्ण वितळत नसे. भट्टीतून सच्छिद्र गोळा निघे, त्यात मळी, म्हणजे लोखंड गाळताना उरणारा मल (स्लॅग), अडकलेली असे. घणाने ठोकून ठोकून ती बाहेर काढत, तरी थोडी आत राहीच, आणि लोखंड लांब ओढले की तीही धाग्यांसारखी लांब होई. असे लोखंड गंजते तेव्हा गंज त्या धाग्यांच्या कडेने जातो, आणि पृष्ठभागावर उन्हापावसात राहिलेल्या सागवानी फळीसारखे उभे रेषे दिसू लागतात. मुठीवर, परजेवर (हात वाचवणाऱ्या मुठीच्या भागावर), वाटीच्या कडेला हे रेषे शोधा. कारखान्यातल्या पोलादाला ते नसतात. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि वितळलेल्या पोलादाचे ढीग पडू लागले, त्यानंतरच्या पोलादात मँगनीज मुद्दाम घातलेले असते. ट्रकच्या पाट्यापासून पाते केले असेल तर मँगनीजबरोबर सिलिकॉनही बरेच सापडते. जुन्या देशी लोखंडात मँगनीज सहसा नाममात्रच. क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या एक्सआरएफ नावाच्या हातातल्या यंत्राने नगाला ओरखडाही न पाडता मँगनीज कळते. धातुशास्त्राचा विभाग असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विचारले तर अशी तपासणी अशक्य नाही. मोठ्या मंडळांनी एखाद्या वर्षी डीजेचा खर्च कमी करून हे करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

‘दमास्कस’ नावाखाली खपवल्या जाणाऱ्या पात्यांबद्दल थोडक्यात. आपल्या दख्खनचे, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रम परिसरातले मुशीतले पोलाद जगभर जात असे. त्याच्या पात्यात जौहर, म्हणजे बारीक, अनियमित, लाटांसारखी नक्षी धातूच्या आतूनच येते. आजचे थर जोडून केलेले पाते वेगळे. त्याची नक्षी ठळक, मोठी आणि पुन्हा पुन्हा तशीच येणारी. काही विक्रेते तर साध्या पोलादावर रसायनाने नक्षी नुसती छापतात. तसे पाते आडवे धरून पाठीकडून बघा. खरी नक्षी पाठीवरही चालू राहते, छापलेली बाजूच्या कडेला संपते.

कोफ्तगिरीचेही तेच. खऱ्या कामात आधी पोलादावर सुरीने उभ्याआडव्या बारीक रेघा पाडतात आणि त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजून गेले तरी त्या रेघांचे जाळे खाली राहते. भिंगाखाली जाळे दिसत नसेल आणि सोनेरी रंगाचे नुसते पापुद्रे निघत असतील तर तो मुलामा आहे.

इतके वाचून कुणी उत्साहाने प्रत्येक तलवारीला खोटी ठरवू लागेल, तर तेही तितकेच वाईट. परदेशी पाते दिसले म्हणून तलवार मराठ्यांची नाही असे म्हणणारे मला भेटतात. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली. तिचे सरळ पाते युरोपात घडलेले आहे, आणि त्यावर देवनागरीत रघूजींचे नाव, सेनासाहेब सुभा हा किताब आणि फिरंग हा शब्द सोन्यात आहे. युरोपातून पाती मागवायची आणि आपल्या मुठी बसवायच्या ही तेव्हाची रीतच होती. पुढे गुंता असा की इटलीतल्या जिनोव्हाच्या पात्यांवरची दातेरी कोयत्यांची जोडी किंवा जर्मनीतल्या सोलिंगेनचा धावता लांडगा हे शिक्के इथले लोहारही त्या काळी मारत, कारण परदेशी पात्याला भाव होता. पर्शियन पात्यांवर असदुल्ला इस्फहानी या नामांकित कारागिराची सही इतक्या ठिकाणी सापडते की एका माणसाने ती सगळी घडवणे शक्य नाही. तेव्हा शिक्का नकली असूनही तलवार अस्सल जुनी असू शकते, आणि उलट शिक्का हुबेहूब असूनही तलवार कालची असू शकते. म्हणून नाव किंवा शिक्का सगळ्यात शेवटी पाहावा, लोखंड आधी.

आणखी एक वर्ग आहे तो जोडलेल्या नगांचा. मूठ जुनी, पाते नवे, किंवा उलट. तुटलेले पाते बदलून घेणे हे जुन्या काळीही होत असे, आणि तो त्या तलवारीच्या इतिहासाचाच भाग आहे. पण गेल्या काही वर्षांत बाजारात जुन्या सुट्या मुठी विकत घेऊन त्यांत नवी पाती बसवतात, हेही खरे. मुठीचा गंज आणि पात्याचा गंज एकाच वयाचा वाटतो का, लाख जुनी आहे की ताजी भरलेली, हे पाहिले तर पुष्कळ कळते. शिवाय १९०३ च्या दिल्ली दरबाराबरोबर भारतीय कलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या काळात शोभेसाठी, भेटीसाठी बनवलेली भरजरी शस्त्रे आज शंभर वर्षांहून जुनी आहेत. ती जपण्यासारखी आहेतच, फक्त शिवकालीन नाहीत.

हातात धरून पाहण्याची परवानगी असेल तर तोल बघा. लढाईची तलवार बहुधा किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहून हलकी. पाते मुठीजवळ जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते, त्यामुळे ती हातात फिरते. एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेले पाते टोकाकडे जड लागते. जुन्या मुठी आजच्या हाताला घट्ट वाटतात. ऐसपैस, चार बोटे मोकळी मावणारी मूठ दिसली की मी पुन्हा एकदा भिंग काढते.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त दुःख होते ते. एकीकडे नवी तलवार ॲसिडने जुनी केली जाते, आणि दुसरीकडे गावातल्या घराण्याची अस्सल तलवार खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लिंबू, चिंच, राख नाहीतर भांड्यांची पावडर लावून घासली जाते. काही ठिकाणी तर गॅरेजमध्ये नेऊन तिला बफ मारतात. ती आरशासारखी चकाकते, सगळे खूश होतात, आणि कोफ्तगिरीचे सोने, कोरलेल्या नावाची अर्धी अक्षरे, जौहर, झिजेच्या खुणा, म्हणजे तिचे वय सांगणारे सगळे, एका दुपारी निघून जाते. मग प्रदर्शनात ती चकाकणारी तलवार कोपऱ्यात ठेवतात, कारण ती ‘नवी वाटते’, आणि केशरी गंजाची बनावट मधल्या टेबलावर येते. हे मी पाहिले आहे आणि पाहून गप्प बसणे जमत नाही. पूजा जरूर करा. हळदकुंकू आणि पाणी संध्याकाळी मऊ सुती कापडाने पुसून घ्या, शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, आणि तलवार ओलसर म्यानात ठेवू नका. धार लावायला किंवा शिकल (घासून चकाकी) करायला शिकलगाराकडे द्यायची असेल तर आधी कुणा जाणकाराला दाखवा.

कायद्याचेही भान असू द्या. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुम्हाला ‘शिवकालीन’ तलवार विकणाऱ्याला परवाना दाखवा म्हणा. पुष्कळ जण त्याच क्षणी ‘नाही, तशी ती प्रतिकृतीच आहे’ म्हणू लागतील.

चिठ्ठी कशी असावी याचा एक नमुना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने काही काळासाठी उसनी दिलेली वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आली, त्या वाघनखांच्या पेटीवर अफजलखानाच्या वधाचा दावा करणारा मजकूर आहे, आणि तरीही ती त्या वधातलीच वाघनखे असल्याचे पडताळता आलेले नाही असे लंडनच्या त्या संग्रहालयाने स्वतःच्या नोंदीत लिहिले आहे. त्यावरून आपल्याकडे वाद झाला, राग आला. पण ती ज्यांच्या ताब्यात होती त्यांनी स्वतःच हे लिहावे, याचा मला आदर वाटतो. तसे लिहायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

‘शिवकालीन’ हा शब्द तारीख किंवा कागद हाती असल्याशिवाय वापरू नका. त्याऐवजी असे लिहा: ‘तलवार. पाते युरोपीय, बहुधा १८ वे शतक. मूठ नंतर बदललेली. घराण्यात चार पिढ्या पूजेत.’ किंवा असे: ‘पट्टा, प्रतिकृती. मर्दानी खेळासाठी, २०२२ मध्ये बनवलेला.’ घराण्याकडे मोडी यादी, जुना फोटो, इनामाचा कागद असेल तर त्याची प्रत शेजारी ठेवा. तो कागद तलवारीइतकाच पाहण्यासारखा असतो. ज्या नगांबद्दल शंका आहे त्यांचे टेबल वेगळे मांडा आणि शंका कशाची आहे तेही लिहा. मुलांच्या हातात भिंग द्या, रेषे आणि लाख शोधायला लावा. त्या टेबलाभोवती सगळ्यात जास्त गर्दी होईल, हे मी खात्रीने सांगते.

संग्रहातल्या प्रत्येक तलवारीचे पूर्ण लांबीचे दोन्ही बाजूंचे फोटो, मुठीचे वरून, खालून आणि आतून, मूठ-पाते जोडाचा जवळून, आणि शिक्का किंवा अक्षरे असतील तर त्यांचा, एवढे काढून वजन आणि लांबीसह एका वहीत नोंदवा. ती वही राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाला किंवा जवळच्या संग्रहालयाच्या अभिरक्षकाला दाखवा. नोंदी करायला हात कमी पडत असतील तर मला बोलवा, मी येईन. फक्त एवढे करा, मी येईपर्यंत त्या तलवारींना लिंबू लावू नका.

आपली,
जुन्या शस्त्रांच्या नोंदी करणारी एक अभ्यासक